लाइनवरच्या पोरीची आई

कोल्हापूरहून परत आले आणि आमच्या वर्ध्याच्या पोस्टात पहिल्याच दिवशी सगळ्यांनी गूळ मागितला. मग अंबाबाईचा प्रसाद. एकीने चपला आणल्या का विचारलं. फुटबॉलचं कोणी विचारलं नाही. आमच्याकडे कोल्हापूर म्हणजे देवी, कुस्ती आणि तिखट, एवढंच. पण मी गेले होते फुटबॉलसाठी. माझी मुलगी केतकी पंच आहे. तिथल्या एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिला लाइनवर उभं राहायचं होतं.

लाइनवर म्हणजे मैदानाच्या कडेला, हातात छोटा झेंडा घेऊन. शिट्टी मधल्या मुख्य पंचाकडे. हिने फक्त कडेकडेने पळायचं, आणि चेंडू बाहेर गेला किंवा कोणी ऑफसाईड झाला की झेंडा वर करायचा. पाच वर्षं ती हे करते आहे. मी एकदाही पाहिलं नव्हतं. दर वेळी म्हणायची, "आई, तू समोर बसलीस की मला तूच दिसशील." या वेळी तिचा आवाज जरा मऊ लागला आणि मी लगेच तिकीट काढलं. तिच्या बाबांना आजीपाशी थांबणं भाग होतं. ते एवढंच म्हणाले, "जा, पण तिथं कोणाशी भांडू नको."

मंगळवार पेठेत

माझ्यासोबत काउंटरवर बसणाऱ्या कुंदाची मावशी मंगळवार पेठेत राहते. कुंदा म्हणाली, "लॉजवर कशाला उतरता? मावशीला राग येईल." मावशीने मला कधी पाहिलेलंही नव्हतं, तरी तिला राग येणार होता. तो का, हे तिच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा कळलं. सत्तरीच्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाई पायरीवरच उभ्या होत्या. माझ्या हातातली बॅग त्यांनी ओढूनच घेतली.

"या की. कवाधरनं वाट बघालोय मी. च्या टाकून दोनदा ओतला."

"बघालोय" ऐकून मी डोकावून पाहिलं, की त्यांच्या मागून कोणी पुरुष बोलला का. मागे कोणीच नव्हतं. इथल्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, मी येतो, मी जातो, मी जेवलो. पहिल्या दिवशी कानाला गंमत वाटली. तिसऱ्या दिवशी मीच नवऱ्याला फोनवर "मी जेवलो" म्हणाले, आणि पलीकडून त्यांनी विचारलं, "कोण बोलतंय?"

या बाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते. त्यांचे पती आबा. मुलगा-सून नोकरीसाठी पुण्यात, आणि नातू अभिजित इथेच आजी-आजोबांपाशी. मी वर्ध्याचा गोरसपाक, आमच्याकडचं तुपातलं गोड बिस्कीट, काढून दिला. आबांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "चांगलं हाय. पर ह्येला तिखट काय लावून खात्यात?"

भिंतीवर देवांच्या बाजूला एक मोठा फोटो होता. निळ्या-पिवळ्या कपड्यांतली अकरा मुलं. मी सहज विचारलं, "ही कुठली टीम?"

तो प्रश्न विचारायला नको होता. आबा उठून फोटोपाशी गेले आणि पुढचा तासभर मी खुर्चीतून हलले नाही. ही नवरंग तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण इथे प्रत्येक पेठेच्या, गल्लीच्या तालमीची फुटबॉलची टीम असते, आणि माणूस जन्मतो तो त्या टीमचाच होऊन. फोटोत दुसरा उभा आहे तो अभिजित, नवरंगचा स्ट्रायकर. रविवारी फायनल, समोर वाघजाई तालीम.

माझ्या हातातला कप बशीवर टेकला तो जरा जोरातच. त्याच फायनलला केतकी लाइनवर असणार होती.

मी काही बोलणार, तेवढ्यात समोरच्या घरातून बापू आले. आबांच्या वयाचे, उंच, खर्जातल्या आवाजाचे. लहानपण पलीकडच्या गल्लीत गेल्यामुळे ते वाघजाईचे. चाळीस वर्षं या गल्लीत राहून त्यांनी टीम बदललेली नाही, आणि आबांनी तेवढीच वर्षं त्यांना त्यासाठी माफ केलेलं नाही.

"पावणं आलं का? बरं झालं. रविवारी तुमाला ह्यांची रडारड बगाय मिळंल," बापू मला म्हणाले.

"आरं जा! तुमच्या टीमनं ती मागची मॅच जिकली कशी? रेफरीच्या जिवावर," आबा म्हणाले. "पोटाला लागल्याला चेंडू हाताला लागला म्हनून पेनल्टी दिली."

"हाताला लागलाता."

"पोटाला."

"मी गोलमागंच हुतो की! हातच हुता."

"तुझं डोळं तवा बी गेलंतं. आता तर चष्मा हाय."

हे भांडण कधीच्या सामन्याचं, ते मी हळूच आक्कांना विचारलं. "अभ्याचा बाप साळंत हुता तवाचं," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडत राहिल्या. मग मान वर करून त्यांनी दोघांचं भांडण एका वाक्यात मिटवलं. "पोट बी न्हाय आन् हात बी न्हाय. रेफरीच आंधळा. ज्येला घरात कोन इचारत न्हाय, त्यो रेफरी हुतो."

तिघंही हसले. मीही हसले आणि तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं.

अंगणात जाऊन केतकीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं.

"मी लॉजवर जाते," मी म्हणाले.

"नको. आत्ता उठून गेलीस तर त्यांना वाईट वाटेल. पण आई, सामना संपेपर्यंत कुणाला काही सांगू नकोस. आणि मला भेटायलाही येऊ नकोस. पंचाची आई खेळाडूच्या घरी जेवते म्हटलं तर रविवारी नवरंग जिंकलं तरी बोलतील आणि हरलं तरी बोलतील."

म्हणजे मुलगी बाकीच्या पंचांसोबत शाहूपुरीत उतरलेली, मी मंगळवार पेठेत, रिक्षाने दहा मिनिटांचं अंतर, आणि भेटायचं नाही. संध्याकाळी अभिजित सरावाहून आला. सावळा, लाजरा मुलगा. पायातले मोजे काढायच्या आधी त्याने मला वाकून नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला आणि मनात म्हटलं, देवा, याचा आणि तिचा रविवारी संबंध येऊ देऊ नकोस.

रंकाळ्यावर

शनिवारी आक्का मला फिरवायला निघाल्या. सकाळी अंबाबाई. गर्दी होती, पण ढकलाढकली नव्हती. ओटी भरताना मी काय मागितलं ते सांगत नाही. आक्कांनी मात्र मोठ्याने मागितलं. "आई, उद्या अभ्याचा एक तरी गोल हुंदे." शेजारची बाई म्हणाली, "आक्का, आमी वाघजाईचं हाय, आमच्या फुडं नगा मागू." दोघी देवीसमोर हसत सुटल्या.

मग मिसळ. आमच्या विदर्भातल्या तर्रीचा मला अभिमान आहे, म्हणून मी कट वरून घालून घेतला, चांगला वाटीभर. दोन घास बरे गेले. तिसऱ्याला ठसका लागला तो थांबेना. हॉटेलवाल्याने पाणी दिलं नाही, ब्रेडचा स्लाइस दिला. "पाणी पिऊ नका बाई, आनी वाढंल." आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत सगळ्या हॉटेलला सांगत होत्या, "नागपूरकडचं पावणं हाईत, सवं न्हाय." नागपूरकडच्या माणसाला तिखटाची सवय नाही, हे जाहीर होताना मी डोळ्यांतून पाणी गाळत ऐकून घेतलं.

उतारा म्हणून त्यांनी मला दूध-कट्ट्यावर ताजं दूध पाजायला नेलं. म्हैस तिथेच बांधलेली, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळ पेला तसाच हातात देतो. अर्धा पेला द्या म्हटलं तर गवळी दुखावला. पूर्ण प्यावा लागला. कोमट, जड, थोडं गोड. डोळे मिटून प्यायले, आणि पोटातली आग खरंच शांत झाली.

संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर बसलो. पाण्यावर तांबूस उजेड होता. बाजूला कॉलेजची मुलं मक्याची कणसं खात उद्याच्या सामन्याचीच चर्चा करत होती. एक म्हणाला, "लाइनला पोरगी हाय म्हनं ह्या टायमाला." दुसरा म्हणाला, "तिला झेपतंय व्हय? हितलं पब्लिक बगून पळंल ती."

माझा हात पर्सच्या पट्ट्यावर आवळला गेला. आक्कांनीही ऐकलं होतं. त्या मुलांकडे न बघता म्हणाल्या, "पळंल तर पळू दे. पर आदी उबी तर र्‍हाऊ दे तिला." मग माझ्याकडे वळून, "तुमाला किती लेकरं?"

"एकच. मुलगी."

"काय करती?"

"नोकरी करते," मी म्हणाले. खोटं नव्हतं. केतकी आठवडाभर शाळेत खेळ शिकवते. पण त्या माऊलीकडे बघून बोलता आलं नाही, मी पाण्याकडे बघून बोलले.

मैदानात

रविवारी दुपारी गल्लीला कुलपं लागली. निघताना आक्कांनी माझ्या गळ्यात निळा-पिवळा पंचा टाकला. घरातली म्हणून. मैदानात बसल्यावर मी तो काढून मांडीवर ठेवला, ऊन फार आहे म्हणाले. केतकीने मला त्या रंगात पाहिलं असतं तर!

एका बाजूला बायकांची बसायची जागा होती आणि ती भरली होती. नऊवारीतल्या आज्या, कडेवर मुलं घेतलेल्या सुना, गालावर रंग लावलेल्या कॉलेजच्या मुली. डबे, पाण्याच्या बाटल्या, हलगी. आमच्या वर्ध्यात इतक्या बायका मी फक्त हळदीकुंकवाला एकत्र पाहिल्या आहेत.

आणि मग टीमच्या आधी पंच मैदानात आले. काळे कपडे, केस घट्ट बांधलेले, हातात झेंडा. माझी केतकी आमच्याच बाजूच्या लाइनवर येऊन उभी राहिली, अगदी तीस-चाळीस हातांवर. मी तिला तापात पाहिलं आहे, दहावीच्या निकालाला रडताना पाहिलं आहे. अशी ताठ उभी कधी पाहिली नव्हती.

"बारीक हाय गं पोरगी," मागून एक सून म्हणाली. "जेवाय घालत न्हाईत वाटतं घरात."

सामना सुरू झाला तसा मी चेंडू पाहणं सोडून दिलं. मी फक्त तिचे पाय पाहत होते. चेंडूच्या नव्हे, शेवटच्या बचाव करणाऱ्या मुलाच्या रेषेत राहायचं असतं तिला, आडवं पळत, मान वळवत. आक्का मात्र पूर्ण मैदानात होत्या. "अभ्या, पास दे की! आरं नाचतोस काय, लगीन हाय व्हय!" पाठीमागची एक सून गोलकीपरला रेसिपी सांगावी तशा सूचना देत होती.

वाघजाईने पूर्वार्धात गोल केला. मध्यंतरात आक्का काही खाईनात. मी त्यांच्या हातात चकली दिली, ती तशीच हातात राहिली.

शेवटची काही मिनिटं उरली होती. मधून एक लांब पास सुटला, अभिजित सुसाट निघाला, गोलकीपरला चुकवलं आणि चेंडू जाळीत. सगळं मैदान उठलं. आक्कांनी मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं, की केतकी जागच्या जागी थांबली आहे आणि तिचा झेंडा सरळ वर आहे.

ऑफसाईड. म्हणजे पास सुटला तेव्हा अभिजित बचाव करणाऱ्यांच्या पुढे होता, असं तिचं म्हणणं. शिट्टी वाजली. गोल रद्द.

त्यानंतर जो आवाज झाला तो मी जन्मात ऐकला नव्हता. आक्का पुढच्या कठड्यापर्यंत गेल्या. "ए पोरी! डोळं गहाण टाकलंस काय! कुनी शिकवलं गं तुला! आय-बानं वळन न्हाय लावलं काय!" मी त्यांच्या मागे दोन पावलांवर उभी होते. अभिजित धावत केतकीपाशी आला, हात पसरून काही बोलला. तिने मान हलवली. झेंडा खाली घेतला नाही.

सामना तसाच संपला, एक-शून्य. लोक कुंपणाच्या जाळीकडे धावले. आणि बायकांच्या जागेपलीकडच्या गर्दीतून पाण्याची बाटली आली, अर्धी भरलेली. केतकीच्या टाचेशी आपटून फुटली. दुसरी तिच्या खांद्यावरून गेली. ती वळली नाही. सावकाश, न पळता, मधल्या पंचाकडे चालत राहिली.

"केतकी!" मी ओरडले. सामना संपला होता. पण नसता संपला तरी मी ओरडलेच असते.

आक्का वळल्या. "कोन केतकी?"

"ती. झेंडेवाली." "माझी मुलगी आहे ती, आक्का."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. आजूबाजूला बायका ओरडतच होत्या. मग आक्का त्यांच्याकडे फिरल्या आणि अभिजितला ओरडत होत्या त्याच आवाजात ओरडल्या, "ए, गप बसा गं सगळ्या! तिची आई बसलीया हितं!"

जवळच्या दोन रांगा शांत झाल्या. जेवाय घालत नाहीत म्हणणारी सून लाल झाली. एकीने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. दुसरीने विचारलं, "काकू, तुमी एकट्याच आलाय?"

"आदी का न्हाय सांगितलंसा?" आक्का म्हणाल्या. "काय काय बोललो मी तिला! वळनापातूर गेलो!"

"तुम्ही पंचाला बोलत होता. केतकीला नाही."

त्यांनी माझा हात धरला आणि सरळ गर्दीत घुसल्या. "वाट सोडा, आई हाय ती." निळे-पिवळे रंग लावलेली, चिडलेली तरणी पोरं बाजूला होत होती. दारापाशी पोलीस होते. आक्कांनी त्यांनाही तेच सांगितलं. आत एका खोलीत केतकी बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होती. मला पाहून उठली आणि माझ्या खांद्यावर कपाळ टेकलं.

आक्का दारातच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "जेवाय घराकडं यायचं. दोघींनी. मी रस्सा टाकतो."

पुन्हा गल्लीत

केतकी नको म्हणत होती. "आई, मी कोणत्या तोंडाने जाऊ त्या घरी?" पण दिवेलागणीला आक्का स्वतः रिक्षा करून शाहूपुरीत आल्या, आणि त्यांच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही.

दार अभिजितने उघडलं. नडगीला बर्फ बांधलेला होता. "या ताई," एवढंच म्हणाला. आबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. बापू आले होते, पण जिंकूनही आवाज काढत नव्हते.

पानं वाढली. तांबडा, पांढरा, भाकरी, मटण, कांदा, लिंबू. शेवटी आबा वळले. त्यांनी ताटातलं लिंबू उचलून फरशीवर ठेवलं, त्याच्यापुढे दोन वाट्या मांडल्या.

"ह्यो अभ्या. ही त्येंची डिफेंडर पोरं. पास सुटला तवा अभ्या हितं. बरुबर?"

केतकीने हात पुसले आणि लिंबू एक बोटभर पुढे सरकवलं. "इथे, आबा."

आबांनी मागे घेतलं. तिने पुढे केलं. आबांनी मागे.

"आरं, हितंच हुता," बापू लिंबाकडे बोट करून म्हणाले. "पोरगी म्हनती तितं."

"तू गप र्‍हा. तू जिकलास न्हवं?"

"ताई, मी रेषेत हुतो," अभिजित हळू आवाजात म्हणाला.

"मला पुढे दिसलास," केतकी म्हणाली. "उद्याही विचारलंस तर हेच सांगेन. मला पुढे दिसलास."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राग कोणाच्याच डोळ्यांत नव्हता, थकवा होता. तेवढ्यात आक्कांनी खाली वाकून ते लिंबू उचललं, विळीवर चिरलं आणि केतकीच्या रश्श्यात पिळलं. "जेवा आता. गार हुतंय."

आबा आधी हसले. मग बापू. मग सगळेच असे हसलो की अभिजितला ठसका लागला आणि मी त्याला भाकरीचा तुकडा दिला. पाणी नव्हे. एवढं शिकले होते.

जेवण झाल्यावर दोघं पायरीवर बसले होते. मी ताटं आवरताना ऐकलं.

"बाटली आली तवा तुमी मागं बगितलं बी न्हाय. भ्या न्हाय वाटलं?" तो विचारत होता.

"खूप वाटलं. मागे पाहिलं असतं तर पळाले असते."

तो म्हणाला, "मी आत जाऊन रडलो."

"मी पण."

स्टेशनकडे

सोमवारी निघालो. आक्का स्टेशनपर्यंत येणारच होत्या. रिक्षात मी एका बाजूला, त्या दुसऱ्या, मधे केतकी, मांडीवर गुळाची ढेप आणि डबा. रिक्षाच्या आरशाला निळा-पिवळा गोंडा लटकत होता.

दोन चौक गेल्यावर रिक्षावाल्याने मान मागे केली. "पावणं, काल मॅच बगितली न्हवं? काय त्या झेंड्यावाल्या पोरीनं वाटोळं केलं! सरळ सरळ गोल हुता. कुटनं पकडून आनत्यात असली..."

केतकीने मान खाली घातली. मी काही बोलणार, त्याआधीच आक्का पुढे वाकल्या.

"रिक्षा चालव नीट. तू कुटं बसलातास?"

"वरच्या अंगाला. का ओ?"

"मी लाइनीम्होरं बसलोतो. ऑफसाईड हुता त्यो. हातभर फुडं हुता."

"काय सांगताय आज्जी! नवरंगच्या असून?"

"नवरंगचा हाय म्हनून काय खोटं बोलू? माझा सोताचा नातू हाय त्यो. त्येचं पाऊल मला म्हाईत न्हाय तर कुनाला? ऑफसाईड म्हंजे ऑफसाईड."

रिक्षावाल्याने आरशात त्यांच्याकडे पाहिलं आणि तो रिक्षा नीट चालवू लागला. केतकीने आक्कांचा हात घट्ट धरला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं.

गाडी लागलेली होती. सामान वर ठेवलं, पाया पडलो. आक्का खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि केतकीला बोटाने जवळ बोलावलं.

"न्हवता बरं का," त्या हळूच म्हणाल्या. "रेषेतच हुता माझा अभ्या. पर त्ये आपल्या घरातलं भांडान हाय. त्या रिक्षावाल्याला कशाला सांगायचं?"